स्थाननिश्चिती आणि ओळख : रूपविकारी क्ष-किरण स्रोतांच्या प्रचलित इतिहासकथनाची चिकित्सा

प्रास्ताविक

क्ष-किरण खगोलशास्त्राचा इतिहास सामान्यतः वाढत्या तीक्ष्णतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते. त्यामुळे या शास्त्राला वातावरणाबाहेर उपकरणे पाठविण्याचे तंत्र साध्य होईपर्यंत वाट पाहावी लागली. १८ जून १९६२ च्या रात्री अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स येथून सोडलेल्या एरोबी अग्निबाणाने वृश्चिक राशीच्या दिशेकडून येणारे प्रखर क्ष-किरण नोंदविले आणि सूर्यमालेबाहेरील पहिला क्ष-किरण स्रोत ज्ञात झाला. त्यानंतर १९७० साली 'उहुरू', १९७८ साली 'आइन्स्टाइन', १९९० साली 'रोसॅट' आणि १९९९ साली 'चंद्रा' हे उपग्रह अवकाशात गेले. प्रत्येक टप्प्यावर स्रोताच्या स्थानाची अनिश्चितता कमी होत गेली आणि अखेरीस विकलेच्या अंशापर्यंत स्थान सांगता येऊ लागले, असा या कथनाचा क्रम असतो. रिकार्दो जाकोनी यांना २००२ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकानंतर या कथनाला एक प्रकारची अधिकृतताही प्राप्त झाली.

हे कथन असत्य नाही, पण अपुरे आहे. स्रोत आकाशात कोठे आहे हे सांगणे आणि तो काय आहे हे सांगणे या दोन भिन्न कृती असून प्रचलित कथन पहिलीमध्ये दुसरी गृहीत धरते. रूपविकारी स्रोतांच्या बाबतीत तर हे गृहीतक विशेष दिशाभूल करणारे ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या क्षेत्रातील निर्णायक ओळखी बहुतांशी स्रोताच्या बदलत्या तेजस्वितेच्या साक्षीने पटलेल्या आहेत; स्थानाने केवळ संशयितांची यादी लहान केली. हा भेद केवळ इतिहासलेखनाचा नाही. कोणती उपकरणे बांधावीत, कोणत्या जुन्या नोंदी जपाव्यात आणि लक्षावधी स्रोतांच्या आजच्या सूच्यांवर किती विश्वास ठेवावा, हे प्रश्न त्याच्याशी थेट जोडलेले आहेत.

चौकटीतील तारे

आरंभीची उपकरणे प्रतिमा घेत नसत. गायगर गणक अथवा वायुभरित गणक आणि त्यासमोर धातूच्या पट्ट्यांचा कोलिमेटर एवढीच सामग्री असे. कोलिमेटर ज्या दिशेला रोखलेला असेल त्या दिशेकडील आकाशाचा एक पट्टा गणकाला 'दिसे'. वेगवेगळ्या दिशांनी असे पट्टे एकमेकांवर टाकले की त्यांच्या छेदातून एक चौकट मिळे. स्रोत तिच्या आत कोठेतरी आहे, एवढेच सांगता येई. एका चौरस अंशात ३६०० चौरस कला असतात आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात तेवढ्या जागेत हजारो तारे मावतात, हे लक्षात घेतले म्हणजे चौकटीत एखादा तारा सापडणे किती अर्थशून्य आहे हे कळते. तेथे तारा न सापडता तरच आश्चर्य!

या अडचणीवर पहिला कल्पक उपाय मिनोरू ओडा यांनी शोधला. तारांच्या दोन जाळ्या काही अंतरावर एकामागे एक ठेवल्या, तर उपकरण फिरत असताना एका बिंदूतून येणारे क्ष-किरण आलटून पालटून अडतात व मोकळे होतात. या चढउतारांवरून दिशा फार सूक्ष्मतेने काढता येते. जपानी घरांतील बांबूच्या पडद्यावरून या रचनेला 'सुदारे' म्हटले गेले. महाराष्ट्रातील जुन्या घरांतल्या चिकाच्या पडद्याची आठवण यावी असेच ते नाव आहे. मार्च १९६६ मधील अग्निबाण-उड्डाणात या युक्तीने स्कॉर्पियस एक्स-१ चे स्थान कलेच्या मर्यादेत आले. मात्र उत्तरे दोन मिळाली, कारण अशा जाळीतून एकाहून अधिक समांतर पट्टे संभवतात. त्यांतून निवड कशी झाली, हे येथे महत्त्वाचे आहे. क्ष-किरणांचा वर्णपट अतितप्त वायूचा मानून तो दृश्य प्रकाशापर्यंत वाढविला असता तेथे साधारण तेराव्या प्रतीचा, निळसर तारा असावा, असे अनुमान आधीच केलेले होते. जपानमधील ओकायामा येथील दुर्बिणीने व पाठोपाठ पालोमार वेधशाळेने तसाच एक तारा दाखविला. तो निळा होता आणि त्याचे तेज अस्थिर होते. चौकटीने जागा दाखविली, परंतु बोट ठेवले ते ताऱ्याच्या वर्तनाने.

हंसातील प्रकरण

सिग्नस एक्स-१ हे या संपूर्ण इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण होय. 'उपग्रहाने कृष्णविवर शोधले' असे त्याचे एका वाक्यातील रूप अनेक पुस्तकांतून आढळते. पुढे स्टीफन हॉकिंग व किप थॉर्न यांच्यातील १९७४ ची पैज आणि १९९० मध्ये हॉकिंग यांनी मान्य केलेली हार यांचे वर्णन बहुधा येतेच. ज्या निरीक्षकांच्या कामामुळे ती पैज लावण्याजोगी झाली, त्यांची नावे मात्र क्वचितच येतात. हा प्राधान्यक्रम उलटा आहे.

हंस तारकासमूहातील हा स्रोत १९६४ च्या अग्निबाण-उड्डाणापासून माहीत होता. १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, त्या देशाच्या किनाऱ्यालगतच्या सान मार्को मंचावरून सोडलेल्या 'उहुरू'ने (स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य) त्याची तेजस्विता सेकंदाच्या अंशात बदलते असे दाखविले. प्रथम हे बदल नियमित स्पंदनासारखे वाटले. पुढे ती नियमितता टिकली नाही. परंतु बदलाचा वेग पुरेसा बोलका होता. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रकाश ३०,००० किलोमीटर जातो. तेवढ्या अवधीत एखादी वस्तू एकसंधपणे उजळत वा मंदावत असेल तर तिचे आकारमान त्याहून फार मोठे असू शकत नाही. स्रोत लहान आहे, हे कोणतीही प्रतिमा न घेता केवळ घड्याळाच्या साहाय्याने समजले.

तरीही तो कोणत्या ताऱ्याशी संबंधित आहे हा प्रश्न उरलाच होता. १९७१ च्या वसंतात नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क येथे ब्रेस व मायली यांना आणि अमेरिकेतील ग्रीन बँक येथे जेलमिंग व वेड यांना त्या भागात एक नवा रेडिओ स्रोत आढळला. त्यापूर्वी तेथे पाहिले असता तो दिसलेला नव्हता. रेडिओ दुर्बिणींच्या अचूकतेमुळे त्याचे स्थान नवव्या प्रतीच्या एचडीई २२६८६८ या निळ्या महाताऱ्यावर येऊन थांबले. येथपर्यंतची गोष्ट प्रचलित कथनाला मानवणारीच आहे. परंतु रेडिओ स्रोत आणि क्ष-किरण स्रोत एकच आहेत याला पुरावा काय? दोघेही एका चौकटीत असणे हा पुरावा नव्हे. 'उहुरू'च्या नोंदी तपासल्या असता असे दिसले की, मार्च-एप्रिल १९७१ मध्ये, म्हणजे ज्या सुमारास रेडिओ स्रोत प्रकट झाला त्याच सुमारास, सिग्नस एक्स-१ ची कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांतील तेजस्विता सुमारे एक-चतुर्थांशावर आली होती. दोन भिन्न तरंगलांबींत एकाच वेळी झालेला हा बदल टॅननबॉम व सहकाऱ्यांनी १९७२ साली मांडला. त्याने जी खात्री दिली ती स्थानाने दिलेली नव्हती.

दरम्यान इंग्लंडमध्ये लुईझ वेबस्टर व पॉल मर्डिन यांनी आणि कॅनडात टॉम बोल्टन यांनी स्वतंत्रपणे एचडीई २२६८६८ च्या वर्णपटरेषांचे डॉप्लर स्थानांतर मोजले. हा तारा ५.६ दिवसांत एका अदृश्य सोबत्याभोवती फेरी घालतो आणि त्या सोबत्याचे वस्तुमान न्यूट्रॉन ताऱ्याच्या मर्यादेपलीकडे असावे, असे दोघांच्याही निरीक्षणांतून सूचित झाले. पुढे 'एरियल-५' उपग्रहाच्या दीर्घकालीन नोंदींतून १९७६ साली क्ष-किरणांतही ५.६ दिवसांचे आवर्तन दाखविले गेले.

या साखळीचे दुवे सुटे करून पाहिले पाहिजेत. क्ष-किरण स्रोतापासून रेडिओ स्रोतापर्यंतचा दुवा एकाच वेळी झालेल्या बदलाचा आहे. रेडिओ स्रोतापासून ताऱ्यापर्यंतचा दुवा स्थानाचा आहे. ताऱ्यापासून अदृश्य सोबत्यापर्यंतचा दुवा पुन्हा काळात मोजलेल्या गतीचा आहे. तीनपैकी एकच दुवा तीक्ष्णतेवर उभा आहे, आणि तोही क्ष-किरण उपग्रहाच्या तीक्ष्णतेवर नव्हे, तर रेडिओ दुर्बिणीच्या. हे लक्षात घेता 'उपग्रहाने कृष्णविवर शोधले' हे वाक्य विद्यार्थ्यांसमोर ठेवणे म्हणजे शोधप्रक्रियेचा मधला सर्व भाग झाकून टाकणे होय.

ओळख पटल्यावरही वाद मिटला नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. तारा खरोखर दूरचा महातारा नसून जवळचा, कमी वस्तुमानाचा असेल, तर कृष्णविवराचे गणित कोसळते, असा आक्षेप १९७३ साली घेतला गेला. आंतरतारकीय धुळीमुळे ताऱ्याच्या प्रकाशाला येणाऱ्या लालीवरून अंतर मोठेच आहे असे ठरवून तो आक्षेप दूर करावा लागला. २०२१ साली रेडिओ पराशयाच्या आधारे हे अंतर सुमारे ७२०० प्रकाशवर्षे ठरले आणि कृष्णविवराचे वस्तुमान, जे २०११ च्या अंदाजानुसार सूर्याच्या सुमारे १५ पट होते, ते २१ पटीपर्यंत वाढले. आकाशातील जागा पन्नास वर्षांत तसूभरही बदललेली नाही. 'तो काय आहे' याचे उत्तर मात्र बदलत राहिले.

जुन्या काचांची साक्ष

सेंटॉरस एक्स-३ व हर्क्युलिस एक्स-१ या दोन स्रोतांची उदाहरणे याहून स्पष्ट, पण थोडक्यात सांगण्याजोगी आहेत. पहिल्याचे क्ष-किरण ४.८४ सेकंदांनी स्पंदन पावतात आणि सुमारे २.०९ दिवसांनी सोबत्याच्या आड जातात. तेच २.०९ दिवसांचे आवर्तन ज्या मंद ताऱ्याच्या प्रकाशात सापडले, तो तेराव्या प्रतीचा तारा व्होइचेख क्शेमिन्स्की यांनी १९७४ साली जाहीर केला. दुसऱ्याच्या बाबतीत तर तारा आधीच सूचीत होता. कुनो होफमाइस्टर यांनी १९३६ साली एचझेड हर्क्युलिस या रूपविकारी ताऱ्याची नोंद केली होती. १९७२ साली लिलर यांनी तो सुचविला आणि जॉन व नेटा बाकॉल यांनी क्ष-किरणांशी जुळणारे १.७ दिवसांचे आवर्तन त्याच्या प्रकाशात दाखविले. न्यूट्रॉन ताऱ्याकडील बाजू क्ष-किरणांनी तापून उजळते, म्हणून हा तारा नियमाने उजळतो व मंदावतो. हार्वर्ड वेधशाळेतील जुन्या छायाचित्रण-काचा तपासल्यावर काही वर्षे हे आवर्तन बंद पडल्याचेही दिसले. क्ष-किरण उपग्रह अस्तित्वात येण्यापूर्वीचा क्ष-किरण स्रोताचा इतिहास काचेवर लिहिलेला होता.

ऑगस्ट १९७५ मध्ये 'एरियल-५'ला शृंगाश्व तारकासमूहात ए०६२०-०० हा स्रोत उफाळताना दिसला. काही काळ तो सूर्य वगळता आकाशातील सर्वांत तेजस्वी क्ष-किरण स्रोत होता. दृश्य प्रकाशात तेथे एक नवतारा सापडला. आणि हार्वर्डच्या काचांवर तोच तारा १९१७ सालीही उजळलेला आढळला. अठ्ठावन्न वर्षांच्या अंतराने दोनदा उफाळणारी ही वस्तू सामान्य नवताऱ्यांहून वेगळी असावी, असा तर्क करण्यास त्यामुळे आधार मिळाला. स्रोत शांत झाल्यानंतरच मूळ मंद तारा मोजता येऊ लागला. १९८६ साली मॅक्लिंटॉक व रेमिलार्ड यांनी त्याच्या ७.७५ तासांच्या कक्षेवरून अदृश्य सोबत्याचे वस्तुमान सूर्याच्या किमान तिप्पट असल्याचे दाखविले. व्ही ४०४ सिग्नी याचा क्रमही असाच आहे. १९३८ साली नवतारा म्हणून नोंद, मे १९८९ मध्ये 'गिंगा' या जपानी उपग्रहाला क्ष-किरणांत दर्शन, १९९२ साली कासारेस व सहकाऱ्यांकडून कृष्णविवर असल्याची खात्री आणि जून २०१५ मध्ये पुन्हा उद्रेक!

ज्यांनी १९१७ व १९३८ साली त्या काचा प्रकाशित केल्या, त्यांना क्ष-किरण स्रोत ही कल्पनाही नव्हती. नोंद निरुद्देश होती म्हणूनच ती पुढे साक्षीला उभी राहू शकली. याच्या उलट, १९५० च्या दशकात काटकसरीच्या धोरणामुळे हार्वर्डचे नियमित छायाचित्रण थांबविण्यात आले. संचालकांच्या नावावरून 'मेंझेल खंड' म्हणून ओळखला जाणारा हा खंड क्ष-किरण खगोलशास्त्राचा जन्म होत असतानाच्या वर्षांवर येतो. त्या वर्षांत कोणता तारा केव्हा उजळला हे त्या संग्रहातून आता कधीही कळणार नाही. चार लाखांहून अधिक काचांचे अंकीकरण आता झालेले आहे. परंतु जे टिपलेच गेले नाही त्याचे अंकीकरण होत नाही.

प्रतिपक्ष

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. गर्दीच्या क्षेत्रात तीक्ष्णता नसेल तर बदल कोणाचा, हेच कळणार नाही. हा आक्षेप योग्य आहे आणि एम ८२ या सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतील एक्स-२ हा स्रोत त्याचे उत्तम उदाहरण आहे. अशा अतितेजस्वी स्रोतांना त्यांच्या तेजस्वितेवरून कृष्णविवरे मानण्याची प्रथा होती. २०१४ साली त्या दीर्घिकेत झालेल्या अतिदीप्त नवताऱ्याच्या निमित्ताने 'नूस्टार' उपग्रह तिकडे वळविला गेला आणि १.३७ सेकंदांचे स्पंदन सापडले. कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो. ते असे ठेक्यात स्पंदन पावू शकत नाही. म्हणजे तो न्यूट्रॉन तारा होता. 'नूस्टार'ला मात्र शेजारचे दोन प्रखर स्रोत वेगळे करता येत नव्हते. स्पंदन एक्स-२ चे आहे हे ठरविण्यासाठी 'चंद्रा'ची तीक्ष्ण दृष्टी लागली. तीक्ष्णतेचे महत्त्व येथे निर्विवाद आहे. तथापि, 'चंद्रा'ने हे दोन्ही स्रोत वर्षानुवर्षे स्पष्टपणे वेगळे दाखविलेले असूनही त्यांतील एकाची ओळख चुकीचीच राहिली होती, हेही तितकेच खरे. ती दुरुस्त केली ती घड्याळाने.

भारतीय प्रयत्नांचे मूल्यमापनही या दृष्टीने व्हावयास हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हैदराबादहून फुग्यांद्वारे क्ष-किरण निरीक्षणे सुरू केली. पुढे मार्च १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर या संस्थेच्या सहभागाने तयार झालेले छोटे क्ष-किरण उपकरण पाठविले गेले. त्यात प्रतिमा घेण्याची क्षमता नव्हती. तीक्ष्णतेच्या निकषावर ते आपल्या काळाच्या कितीतरी मागे होते. तरीही जीआरएस १९१५+१०५ या स्रोताचे विलक्षण, पुनःपुन्हा येणारे स्फोट त्याने टिपले आणि त्यांच्या उगवत्या-मावळत्या आलेखांवरून द्रव्य कृष्णविवरात कसे नाहीसे होते याविषयी अर्थपूर्ण चर्चा करता आली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या 'अॅस्ट्रोसॅट'वरील क्ष-किरण गणक याच परंपरेतील आहेत. त्यांचे दृष्टिक्षेत्र सुमारे एक अंशाचे, परंतु वेळेचे मापन मायक्रोसेकंदांच्या पातळीवरचे आहे. या उपग्रहाचा गौरव करताना प्रतिमांवर भर दिला जातो. त्याचे खरे बळ घड्याळात आहे हे क्वचितच सांगितले जाते.

सूच्यांचा पूर

२०१९ साली गेलेल्या 'ईरोसिटा' दुर्बिणीच्या पहिल्या सर्वेक्षणातून जानेवारी २०२४ मध्ये अर्ध्या आकाशातील सुमारे ९ लाख स्रोत प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात चीनच्या 'आइन्स्टाइन प्रोब'चे उड्डाण झाले. शेवंडाच्या डोळ्याच्या रचनेवर बेतलेली त्याची विस्तृत दुर्बीण एका वेळी सुमारे ३६०० चौरस अंश, म्हणजे आकाशाचा जवळजवळ नऊ टक्के भाग, न्याहाळते. तिला नवा उफाळा दिसताच त्याच उपग्रहावरील दुसरी दुर्बीण तिकडे वळते आणि स्थान कलांवरून विकलांवर येते. ओडांच्या पडद्यापासून येथपर्यंतची प्रगती थक्क करणारी आहे. परंतु लक्षावधी स्रोतांपैकी प्रत्येकावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे अशक्य असल्याने आता वर्गीकरण संगणकाकडे सोपविले जाते. संगणक आधी ओळखलेल्या उदाहरणांवरून शिकतो आणि नव्या स्रोताला त्यांतील सर्वांत जवळच्या वर्गात बसवितो. एम ८२ मधील एक्स-२ ला अशा पद्धतीने २०१३ साली कोणत्या वर्गात बसविले असते, हे सांगण्यासाठी संगणकाचीही गरज नाही.

जीआरएस १९१५+१०५ ने अलीकडे याबाबत आणखी एक अडचण उभी केली आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये सापडलेला हा स्रोत धुळीच्या दाट पडद्याआड असल्याने दृश्य प्रकाशात दिसतच नाही. त्याचा ताऱ्याच्या रूपातील सोबती अवरक्त किरणांत शोधावा लागला आणि सुमारे ३३.५ दिवसांची कक्षा २००१ साली मोजली गेली. तो पंचवीसहून अधिक वर्षे आकाशातील सर्वांत प्रखर क्ष-किरण स्रोतांपैकी एक होता. २०१८ पासून तो मंदावत गेला. रेडिओ तरंगांत मात्र त्याचे उद्रेक पुढेही चालू राहिले. कृष्णविवराभोवतीचे क्ष-किरण आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच दाट वायूने अडविले जात असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. हाच स्रोत १९९२ ऐवजी २०१९ साली प्रथम नोंदविला गेला असता, तर विकलेपर्यंत अचूक स्थानासह तो सूचीतील एक मंद, शोषित, अवर्गीकृत बिंदू म्हणून राहिला असता.